तंबूतून निघालेला अभ्यासक्रम

अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले. इमारत गच्च भरलेली होती, हे एक कारण. दुसरं कारण अधिक मोलाचं होतं. त्या काळी रुग्णाला इस्पितळात आणून सोडायचं आणि मागे वळून न पाहता घर गाठायचं, अशी रीतच पडली होती. कित्येक माणसं बरी होऊनही तिथेच म्हातारी होत. विद्यासागरांनी नातेवाइकांनाच राहायला बोलावलं. मग आई, बायको, भाऊ त्या तंबूत रुग्णासोबत राहू लागले. औषध कसं द्यायचं, माणूस बिथरला तर काय करायचं, तो सुधारतोय हे कशावरून ओळखायचं, हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसू लागलं. रुग्ण घरी परतताना त्याच्याबरोबर गावात एक जाणतं माणूसही जाऊ लागलं. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही मानसोपचार विभागात कुटुंबाने सोबत राहण्याची सोय केली.

सामुदायिक मानसिक आरोग्य या विषयात आज आपल्याकडे पदव्युत्तर पदव्या आहेत, पदविका आहेत, ऑनलाइन वर्ग आहेत. त्या सगळ्यांचं मूळ शोधत गेलं तर आपण या तंबूंपाशी पोचतो, आणि माझ्या मते विषयाचा गाभाही तिथेच आहे. वैद्यकाच्या इतर शाखांत जितकं जास्त शिकाल तितके तुम्ही दुर्मीळ होता. तुमच्यावाचून अडतं म्हणून मान मिळतो. इथे शिकायचं ते आपल्यावाचून लोकांचं अडू नये म्हणून. आपल्याला येतं ते बारावी झालेल्या आशाताईला, शाळेतल्या गुरुजींना, रुग्णाच्या आईला कसं देता येईल, हा या शिक्षणाचा खरा पेपर. अडचण एवढीच की बहुतेक ठिकाणी हा पेपर घेतलाच जात नाही.

असं वाटून टाकणारं ज्ञान का लागतं, याचं उत्तर हिशेबात आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (आपला महाराष्ट्र त्या 12 राज्यांत नव्हता, हे जाताजाता.) त्यात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि आजारी असूनही उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण आजारानुसार 70 ते 92 टक्के निघालं. देशात मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकसुद्धा नाही. जे आहेत ते पुणे-मुंबई-बंगळुरात दाटीवाटीने बसलेले. उद्यापासून वैद्यकीय महाविद्यालयांनी मानसोपचाराच्या जागा दुप्पट केल्या, तरी मेळघाटातल्या किंवा जव्हारमधल्या बाईच्या वाट्याला तज्ज्ञ कधी येईल, ते तुम्हीच ठरवा.

हे गणित आपल्या डॉक्टरांना फार आधी कळलं होतं. 1970च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ रवी कपूर आणि मॉरिस कार्स्टेअर्स यांनी दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या कोटा या गावात ब्राह्मण, बंट आणि मोगेर या तीन समाजांतल्या लोकांचा अभ्यास केला. लोकांना काय होतं आणि झालं की ते कुणाकडे जातात, हे त्यांनी घरोघर विचारलं. लोक एकाच वेळी डॉक्टरकडेही जात होते आणि मांत्रिकाकडेही, आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं. 1975 मध्ये निम्हान्समध्ये सामुदायिक मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग कपूर यांच्या पुढाकाराने उभा राहिला, आणि लगेचच बंगळूरजवळच्या सकलवारा या गावी ग्रामीण केंद्र सुरू झालं. साधारण त्याच सुमारास उत्तरेत, चंडीगडजवळच्या रायपूर रानी या भागात डॉ. एन. एन. विग यांच्या गटाने काम आरंभलं. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या सात देशांतल्या प्रकल्पाचा भाग होतं. ब्राझील, कोलंबिया, इजिप्त, फिलिपिन्स, सेनेगल आणि सुदान हे बाकीचे सहा.

सकलवारा आणि रायपूर रानी इथे जे घडलं त्याला मी या विषयाचा पहिला अभ्यासक्रम म्हणतो. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेवकाला काय शिकवायचं, हा तिथला प्रश्न होता. मानसोपचाराचं पाठ्यपुस्तक जाडजूड. त्यातली शेकडो निदानं त्याच्या डोक्यात कोंबून उपयोग काय? मग वेचावेच झाली. तीव्र मनोविकार, अपस्मार, नैराश्य, मतिमंदत्व अशी मोजकीच दुखणी घेतली, त्यांची खूण ओळखता येईल असे थोडके प्रश्न काढले, चार-सहा औषधं ठरवली, आणि आरोग्यसेवकाने कुठे थांबायचं, रुग्णाला पुढे कधी पाठवायचं, याची रेघ ओढली. ही वेचावेच ज्याला जमते त्याला विषय कळला. जाडं पुस्तक पाठ असलेल्याला ती जमतेच असं नाही.

या अनुभवावर ऑगस्ट 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आकाराला आला. विकसनशील देशांत असा कार्यक्रम आखणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत होता. कागदावर सुंदर, पण जिल्ह्याच्या पातळीवर तो चालतो का? ते बघायला निम्हान्सने 1985 पासून बेल्लारी जिल्हा निवडला. बंगळूरपासून तो तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि ते बरंच झालं, कारण तज्ज्ञांना रोज जाऊन लुडबुड करता येणार नव्हती. डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी तयार केले, औषधं केंद्रावरच मिळतील अशी व्यवस्था लावली, नोंदीची साधी पद्धत बसवली. बेल्लारीचा तो नमुना 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून चार जिल्ह्यांत गेला आणि पुढे देशभर पसरला. आज तुमच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असा चमू दिसत असेल, तर त्याची आखणी बेल्लारीची.

परदेशात याच विषयाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला, आणि विद्यार्थ्याने तो ठेचेसकट वाचावा. अमेरिकेत 1955च्या सुमारास सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ऑक्टोबर 1963 मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. पुढच्या वर्षी जेराल्ड कॅप्लन यांचं प्रतिबंधक मानसोपचारावरचं पुस्तक आलं आणि नव्या पिढीने ते डोक्यावर घेतलं. रुग्णालयं भराभर रिकामी झाली. केंद्रं मात्र ठरली होती त्याच्या निम्मीच उभी राहिली. सुटलेल्यांपैकी अनेकांची वाट फुटपाथवर किंवा तुरुंगात संपली. इटलीत 1978च्या कायद्याने मनोरुग्णालयांत नवी भरती बंद केली, पण त्याआधी ट्रिएस्ते शहरात फ्रँको बझालिया यांनी वस्तीतल्या केंद्रांची घडी बसवायला घेतली होती. दोन्ही देशांनी भिंती पाडल्या. फरक पडला तो भिंतीपलीकडे काय उभं होतं त्याने. आपल्याकडे तर भिंतीच थोड्या. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. बाकी सगळा सांभाळ आजवर घरानेच केला आहे.

आता विद्यार्थी प्रत्यक्षात शिकतो काय, ते बघू. वर्गातले विषय अंदाज येईल असेच आहेत: मनोविकारांची ओळख, आजारांचा प्रसार मोजण्याचं शास्त्र, समुपदेशनाच्या पद्धती, कुटुंबाबरोबरचं काम, कायदा, धोरण, संशोधनपद्धती. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ग्रंथालयात बसून ते जमतं. वर्गात न जमणारं शिक्षण ग्रामीण रुग्णालयात, मनोविकारतज्ज्ञ येण्याच्या ठरलेल्या वारी मिळतं.

त्या दिवसाचं चित्र साधारण असं. नऊ वाजल्यापासून खिडकीवर केसपेपरची रांग. बाकावर आई आणि तिशीचा मुलगा. विद्यार्थिनीला सांगितलेलं असतं, इतिहास घ्या. ती कागद पुढे ओढते आणि मुलालाच विचारते, काय त्रास होतो? तो खिडकीबाहेर बघतो. मग आईकडे वळून: "मावशी, गोळ्या रोज घेतो ना?" "घेतो की." इथे नवखी विद्यार्थिनी 'औषध नियमित' असं लिहून पुढे जाते. शिकवणारा चांगला असला तर हळूच म्हणतो, पाकीट मागा. पिशवीतून पाकीट निघतं. महिन्याच्या गोळ्यांतल्या निम्म्या तशाच. "झोपूनच राहतो हो गोळी घेतली की. सोंगणीचे दिवस, कामाला कोण येणार?" आता खरी मुलाखत सुरू झाली. मात्रा कमी करता येईल का, रात्री एकदाच देता येईल का, हात थरथरतात त्यावर वेगळी गोळी लागेल का, हे डॉक्टरांना विचारायचं. तालुक्याला यायचं तर एसटीचं भाडं आणि दोघांची मजुरी बुडते, मग पुढच्या वेळेस दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का, हे औषधाच्या खिडकीवर विचारायचं. आणि गावातल्या आशाताईचा नंबर आईकडून घ्यायचा. पाठ्यपुस्तकात या सगळ्याला मिळून उपचारातलं सातत्य असा एकच शब्द आहे.

प्रश्न विचारण्याचंही शिक्षण घ्यावं लागतं. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी रुग्णाला विचारायचे काही प्रश्न सुचवले, ते आज जगभर शिकवले जातात. हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? किती दिवस चालेल? याने तुमचं सगळ्यात मोठं नुकसान काय झालं? या आजारात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कसली वाटते? दिसायला सोपे, पण विचारल्यावर गप्प बसायचं असतं, आणि तेच जमत नाही. बाईने "बाहेरचं आहे" म्हटलं की शिकलेली मुलगी लगेच समजवायला लागते, अंधश्रद्धेवर दोन वाक्यं ऐकवते. बाई मान डोलावते आणि पुढच्या वेळी येत नाही. करणी झाली असं ज्याला वाटतं त्याने गोळीही घ्यावी, एवढंच तर आपल्याला हवं असतं.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात हा विचार प्रत्यक्षात आणला गेला. तिथे मनोविकारतज्ज्ञ दर्ग्याच्या आवारातच बसू लागले आणि मुजावर मंडळी दुआ देऊन झाल्यावर माणसाला त्यांच्याकडे पाठवू लागली. दवा आणि दुआ असंच त्या उपक्रमाचं नाव. हे पटत नसेल तर तामिळनाडूतलं एरवाडी आठवावं. 6 ऑगस्ट 2001 रोजी तिथल्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 जण होरपळून गेले. तेही दर्ग्याच्या आसऱ्याने वाढलेलं गाव. पण तिथे दुआ होती, दवेचा पत्ता नव्हता आणि कुणाची देखरेखही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, हे खरं. आग लागेपर्यंत घेतली गेली नाही, हेही तितकंच खरं.

मोजमापाच्या तक्त्यांबद्दलही सावध राहावं लागतं. नैराश्य मोजण्यासाठी नऊ प्रश्नांचा एक तक्ता सर्रास वापरला जातो. मागच्या दोन आठवड्यांतल्या त्रासाला प्रत्येक प्रश्नात शून्य ते तीन गुण, एकूण 27, आणि दहा किंवा अधिक झाले की लक्ष द्यायचं. तक्ता उत्तम आहे. पण त्यात झोपेचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे शेतीपंपाची वीज रात्री येते. पाणी द्यायला रात्रभर बांधावर उभा असलेला माणूस "रोजच झोप नाही" म्हणतो, विद्यार्थी इमानदारीने तीन गुण टाकतो. भुकेचं, थकव्याचंही तसंच. संख्या खोटी नसते, पण तिच्या मागे काय आहे ते विचारायला पाय झिजवावे लागतात.

याहून गुंतागुंतीचा तक्ता अपंगत्वाच्या दाखल्याचा. मानसिक आजारामुळे येणारं अपंगत्व मोजायला भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या चार बाबींत शून्य ते चार गुण द्यायचे आणि आजार किती वर्षांचा आहे ते त्यात मिळवायचं. अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक भरलं तर दाखला, आणि दाखला असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. आता घरात राबणाऱ्या बाईच्या 'काम' या रकान्यात काय लिहायचं? ती भाकऱ्या थापते, पण सासू शेजारी बसून सांगत राहते तेव्हाच. कामाला जात नाही, कारण कधी पाठवलंच नव्हतं. शून्य द्यावा की तीन? त्या आकड्यावर तिच्या महिन्याच्या पैशांचं भवितव्य ठरतं. या एका रकान्यावर तासभर वाद घालणारा वर्ग मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा शहाणा वाटतो. आणि मनोसामाजिक कार्यकर्त्याचं अर्धं काम तलाठी कार्यालय, तहसील आणि बँकेच्या पायऱ्यांवर असतं, हे विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात सांगायला हवं.

ज्ञान वाटण्याचा जो पेपर मी सुरुवातीला म्हटला, तो सगळ्यात नेटका कुठे सोडवला गेला असेल तर गोव्यात. तिथली संगत ही संस्था 1996 मध्ये स्थापन झाली. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. तिने स्थानिक, शालेय शिक्षण झालेले, मानसशास्त्राचा गंधही नसलेले तरुण-तरुणी निवडले. तीन आठवड्यांचा वर्ग, मग काही महिने शिकाऊ काम, आणि त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका. उपचाराची कल्पना साधी आहे. उदास माणूस घरात बसतो, बसल्याने अधिक उदास होतो. तर त्याच्याबरोबर बसून अशी एक छोटी गोष्ट ठरवायची जी तो या आठवड्यात करू शकेल. बाजाराला एक फेरी, बंद पडलेलं शिवणयंत्र पुन्हा उघडणं, बहिणीला फोन. पुढच्या बैठकीत झालं का विचारायचं, नसेल तर का नाही ते शोधायचं. दहा आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर होते, ते न मिळालेल्यांपैकी 39 टक्के. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

आकड्यांपेक्षा मला त्यांची शिकवण्याची रीत अधिक शिकवून गेली. समुपदेशकाच्या बैठकीचं, रुग्णाच्या परवानगीने, ध्वनिमुद्रण होई. आठवड्याला सगळे समुपदेशक एकत्र बसत, एखादी मुद्रित बैठक ऐकत आणि प्रत्येक जण ठरलेल्या तक्त्यावर गुण देई. रुग्णाचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं का? गृहपाठ मागच्या वेळचा विचारला का? आपलंच म्हणणं पुढे रेटलं का? सुरुवातीला तज्ज्ञ बरोबर असत. सरावाने समुपदेशकांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळ येऊ लागले आणि गट आपापला चालू लागला. ज्याची बैठक लावली आहे त्याला सहकाऱ्यांसमोर स्वतःचा आवाज ऐकायचा, स्वतःची घाई ऐकायची. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना दोन वर्षांत हे एकदा तरी करावं लागतं? त्यांचं मूल्यमापन त्यांनी लिहिलेल्या केस रेकॉर्डवर होतं. केस रेकॉर्डात प्रत्येक विद्यार्थी धीराने ऐकून घेणाराच असतो.

महाराष्ट्रातही या धर्तीची कामं झाली. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत विश्राम हा प्रकल्प चालला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार करून नैराश्याची ओळख आणि मदत गावापर्यंत नेली. नैराश्य असून मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात आत्मीयता या प्रकल्पाने 41 गावांत दोन पातळ्यांवर गावकरी घेतले. मित्र हे त्रासातला माणूस हेरणारे, आणि त्यांच्यापेक्षा जास्त शिकवलेले काही जण चार ते सहा भेटींत समुपदेशन करणारे. त्यांच्याकडच्या मोबाइलमध्ये दारू, घरगुती हिंसा, बेकारी अशा विषयांवरच्या छोट्या फिती होत्या, आणि सरकारी योजनांचे लाभ मिळवून देणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. हे दुसरं मला फार पटतं. रेशनकार्डावरून घरात रोज भांडण असेल तर श्वासाचे व्यायाम किती पुरणार?

मग शिकायचं कुठे? देशात या शिक्षणाच्या तीन-चार वाटा आहेत आणि त्या एकमेकींना फारशा ओळखत नाहीत. एमबीबीएस झालेल्याला तीन वर्षांचं एमडी. त्यात आता सगळ्याच शाखांच्या निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं सक्तीचं आहे, ही चांगली गोष्ट. समाजकार्याच्या बाजूने मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था जुनी. 1936 साली ती स्थापन झाली, आणि मानसिक आरोग्याला वाहिलेला समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे आहे. चेन्नईत 1993 मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी बन्यन ही संस्था काढली. पुढे तिनेच शिक्षणाची अकादमी उभी केली आणि टाटा संस्थेच्या सहकार्याने पदव्युत्तर वर्ग चालवले. जिथे निवारा चालतो तिथेच वर्ग भरतो, हे त्यातलं विशेष. रुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्यांना वस्तीतल्या भाड्याच्या घरात चौघा-पाचांनी मिळून राहता यावं, हा बन्यनचा प्रयोग रत्नागिरीतही पोचला आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात मानसिक आरोग्याचा कायदा आणि मानवी हक्क यांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय पदविका सुरू झाली, आणि तिला परदेशातून विद्यार्थी आले. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्त्यांसाठी निम्हान्सची डिजिटल अकादमी आहे.

सरकारी चमूत जायचं तर मात्र आजवर एमफिलचा दरवाजा लागला. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोसामाजिक कार्यकर्ता कोणाला म्हणावं हे ठरवताना समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, असं लिहून ठेवलं. हे एमफिल निम्हान्स, रांची, तेजपूर, दिल्ली अशा मोजक्या ठिकाणी, मोजक्या जागांवर. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022च्या नियमांनी एमफिल ही पदवीच बंद केली. कायदा म्हणतो एमफिल हवं, आयोग म्हणतो एमफिल नाही. शेवटी चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोसामाजिक कार्य या दोन विषयांना 2025-26 पर्यंत सवलत द्यावी लागली. आपल्या दोन सरकारी कार्यालयांना एकमेकांचे कागद वाचायला बंदी असावी, अशी शंका येते.

कायद्याला नावं ठेवताना त्याने दिलेलंही सांगायला हवं. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या या कायद्याने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलं. आजारपणात आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. विद्यार्थी ही कलमं पाठ करतात. पण पुण्याच्या बापू ट्रस्टसारख्या संस्था अनेक वर्षं सांगत आल्या आहेत की मनोविकारातून गेलेल्या माणसाचं स्वतःचं म्हणणं या सगळ्यात कुठे आहे ते बघा. अभ्यासक्रमात असा माणूस रुग्ण म्हणून येतो, क्वचित पाहुणा म्हणून येतो. शिक्षक म्हणून येत नाही. तो यायला हवा, आणि त्याला मानधनही मिळायला हवं.

शिकून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय होतं, तेही लपवू नये. जिल्हा कार्यक्रमातल्या बऱ्याच जागा करारावरच्या. अकरा महिन्यांनी नूतनीकरण, पगार उशिरा, गाडी दुसऱ्या कार्यक्रमाने नेलेली. हुशार मुलं वर्ष-दोन वर्षं काढतात आणि शहरात समुपदेशन केंद्र टाकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्या अभ्यासक्रमाची फळं शहरातच पिकतात, त्याच्या नावातल्या 'सामुदायिक' या शब्दाचा हिशेब कुणीतरी मागायला हवा.

तेव्हा या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायच्या विचारात असाल, तर माहितीपुस्तिकेतली वसतिगृहाची छायाचित्रं बाजूला ठेवा आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. आठवड्यातले किती दिवस गावात किंवा वस्तीत काम होतं? बरोबर कोण असतं? आशाताईला किंवा एखाद्या कुटुंबाला शिकवून दाखवण्याचे गुण आहेत का? तुमची बैठक कुणी ऐकतं का, की नुसता केस रेकॉर्ड तपासला जातो? उत्तर "आठवड्यातून एकदा, तेही गाडी मिळाली तर" असं आलं, तर फी भरू नका. दुसरं ठिकाण बघा.